भयपटाचा प्रीक्वेल बघण्याआधी एक वही घ्या

माझ्या भाचीने परवा विचारलं, "मावशी, 'द एक्झॉर्सिस्ट' बघायला घेतेय. पण गोष्ट 'द बिगिनिंग'पासून सुरू होते ना? मग आधी तो लावू की थेट जुना?" ('द बिगिनिंग' हा त्याचा २००४ साली आलेला प्रीक्वेल, म्हणजे मूळ गोष्टीच्या आधीचं सांगणारा, पण नंतर बनलेला चित्रपट.)

मी तिला म्हटलं, "अगं थांब, काहीच लावू नकोस. आधी माझं ऐक." नंतर तासभर तिला जे सांगितलं, ते इथे नीट लिहून काढतेय. गेली बरीच वर्षं मी भयपट बघते आणि प्रत्येकाची टिपणं ठेवते. जुन्या गाजलेल्या भयपटांना नवे प्रीक्वेल हवेत का, त्या मालिका पुन्हा उभ्या करायला हव्यात का, यावर मी खूप भांडलेही आहे. आता मला वाटतं, याचं एकच उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही. प्रत्येक चित्रपटापुरतं ते आपलं आपल्याला काढता येतं, आणि त्यासाठी एक वही पुरते.

जुन्या चित्रपटांतले काही प्रसंग पुढे उघड करावे लागणार आहेत. ज्यांचे मूळ चित्रपट बघायचे राहिलेत, त्यांनी तेवढे परिच्छेद ओलांडून जावेत.

सुरुवात क्रमापासून करू. चित्रपट ज्या साली आला, त्या क्रमानेच बघायचा. गोष्ट कुठल्या साली घडते हे बघून कधीही लावू नका. याचं कारण 'द एक्झॉर्सिस्ट'च्याच पहिल्या दहा मिनिटांत आहे. चित्रपट १९७३चा, दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन. सुरुवात इराकमध्ये, एका उत्खननावर होते. फादर मेरिन नावाच्या म्हाताऱ्या पाद्र्याला मातीत एक छोटंसं कोरीव मुंडकं सापडतं. नंतर चहाच्या दुकानात गोळी तोंडात टाकताना त्याचा हात थरथरतो. शेवटी तो पझुझू नावाच्या सैतानाच्या उंच मूर्तीसमोर जाऊन उभा राहतो. हा माणूस समोरच्याला ओळखतो, एवढंच आपल्याला कळतं. ओळख कधीची, कुठली, त्या वेळी कोण जिंकलं, याबद्दल एक अक्षर नाही. पुढे बऱ्याच वेळाने कुणीतरी ओझरतं बोलून जातं की दहा-बारा वर्षांपूर्वी आफ्रिकेत त्याने सैतान उतरवण्याचा एक विधी केला होता, तो काही महिने चालला आणि त्यात तो मरता मरता वाचला. बस्स.

म्हणून मेरिन धुक्यात, रस्त्यावरच्या दिव्याखाली येऊन उभा राहतो तेव्हा आपल्या पोटात गोळा येतो. (मॅक्स फॉन सिडो तेव्हा जेमतेम चव्वेचाळिशीचा होता. डिक स्मिथच्या रंगभूषेने त्याला म्हातारा केलं होतं. हे कळल्यावर मी तो प्रसंग पुन्हा लावून त्याचे हात बघत बसले होते.) आता कल्पना करा, आफ्रिकेतली ती सगळी हकिगत तुम्ही आधीच दोन तास बघून बसला आहात. दिव्याखालचा माणूस ओळखीचा झाला. तो एकदा या सैतानाशी लढून बाहेर पडलाय, हे डोक्यात पक्कं झालं. दृश्य तेच असेल, पण पोटात गोळा येणार नाही.

आता वहीबद्दल. मूळ चित्रपट संपला की फोन हातात घेऊ नका, कुणी केलेला उलगडा वाचू नका. वीस मिनिटं एकटे बसा आणि चित्रपटाने आपल्याला काय सांगितलं नाही, तेवढंच लिहून काढा. आठवेल तसं, ओबडधोबड चालेल. मग पान उभं दुमडा आणि प्रत्येक प्रश्न दोनपैकी एका बाजूला टाका. डावीकडे 'झाकलेलं', म्हणजे दिग्दर्शकाने जाणूनबुजून दडवलेलं, ज्याच्या जोरावर भीती उभी आहे. उजवीकडे 'राहून गेलेलं', म्हणजे ज्याच्याकडे चित्रपटाने वळून बघितलंच नाही. एखादं माणूस, एखादी बाजू, एखादं दुःख.

ही विभागणी सोपी वाटते, पण माझी पहिल्याच पानावर चूक झाली होती. ते पान जॉन कार्पेंटरच्या १९८२च्या 'द थिंग'चं आहे, कुणाचंही रूप घेऊ शकणाऱ्या एका प्राण्याच्या गोष्टीचं. अंटार्क्टिकात अमेरिकी तळावरची माणसं शेजारच्या नॉर्वेच्या तळावर जातात, तर तिथे सगळं जळून गेलेलं. एक कुऱ्हाड तशीच रुतून बसलेली, खुर्चीत गोठलेला एक माणूस, आतून पोकळ झालेली बर्फाची मोठी लादी आणि बाहेर दोन चेहरे एकमेकांत वितळलेला एक जळका देह. मी हे सगळं उजव्या बाजूला लिहिलं होतं. नॉर्वेच्या माणसांची गोष्ट राहूनच गेलीय, ती कुणीतरी सांगायला हवी, असं मला मनापासून वाटत होतं.

ती गोष्ट २०११ साली आली, त्याच नावाने. बनवणाऱ्यांनी जुन्या चित्रपटातली एकेक वस्तू बारकाईने तपासली होती हे स्पष्ट दिसतं. कुऱ्हाड तिथे कशी आली ते कळतं. तो जळका देह कुणाचा, तेही कळतं. जुन्या चित्रपटाच्या पहिल्या दृश्यातला कुत्रा आणि हेलिकॉप्टर, इथपर्यंत धागा आणून जोडलाय. आणि तरीही चित्रपट संपल्यावर मला हात रिकामे वाटले. का, ते कळायला मला मूळ चित्रपट आणखी एकदा बघावा लागला. त्या जळलेल्या तळावर अमेरिकी माणसं खरं तर स्वतःचंच भवितव्य बघत असतात. पुढच्या दीड तासात त्यांच्या तळाचं नेमकं तेच होतं. म्हणजे नॉर्वेवाल्यांची गोष्ट १९८२ सालीच सांगून झाली होती, फक्त माणसं वेगळी होती. मी ज्याला राहून गेलेलं समजत होते, ते झाकलेलं होतं. प्रीक्वेलला मग तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगण्यावाचून काही उरलं नाही. त्यात भर म्हणजे खास या चित्रपटासाठी यांत्रिक प्राणी बनवून चित्रीकरण झालं होतं, आणि नंतर त्यातलं बरंचसं संगणकीय चित्रांनी झाकलं गेलं. १९८२च्या चित्रपटात रॉब बॉटिनने, तेव्हा तो बाविशीच्या आसपासचा होता, रबर आणि चिकट द्रव वापरून जे उभं केलं, ते आजही समोर घडतंय असं वाटतं.

पण इथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. कार्पेंटरचा 'द थिंग' स्वतः जुन्याचीच नवी आवृत्ती होता. १९५१ साली याच कथेवर 'द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड' येऊन गेला होता. मूळ कथा जॉन डब्ल्यू. कॅम्पबेलची, १९३८ची. तिच्यातला प्राणी कुणाचंही रूप घेऊ शकतो, आणि शेजारी बसलेला माणूस खरंच माणूस आहे का, हीच त्या कथेतली खरी भीती. १९५१च्या चित्रपटाने नेमकं हेच सोडून दिलं होतं. कार्पेंटर ते उचलायला परत गेला. म्हणून जुन्याला हात लावूच नये, असं मला कुणी म्हणालं की मी त्याला हे उदाहरण देते. उजव्या बाजूचं खरंखुरं काही सापडलं असेल, तर पुनरुज्जीवन मूळ चित्रपटाइतकंच मोठं होऊ शकतं. १९८२च्या उन्हाळ्यात मात्र हे फार थोड्यांना कळलं. 'ई.टी.' दोनच आठवडे आधी लागला होता, आणि 'द थिंग'ची समीक्षकांनी सालटी काढली.

प्रीक्वेल लावण्याआधी वहीत आणखी दोन ओळी लिहा. एक, ही गोष्ट कुणाची आहे? दोन, तिचा शेवट मला आधीच माहीत आहे, मग आता मला भीती कशाची वाटेल? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर चित्रपट संपेपर्यंत मिळालं नाही, तर समजावं की त्याच्याकडे ते नव्हतं.

हे दोन प्रश्न घासूनपुसून बघायला २०२४ सालची एक जोडी फार चांगली आहे. 'द फर्स्ट ओमेन' हा १९७६च्या 'द ओमेन'चा प्रीक्वेल आणि 'अपार्टमेंट ७ए' हा १९६८च्या 'रोझमेरीज बेबी'चा. दोन्ही एकाच वर्षी आले, दोन्हींच्या दिग्दर्शक स्त्रिया, दोन्हींत एका तरुणीच्या शरीरावर दुसऱ्यांनी डोळा ठेवलेला. वीकएंडला लागोपाठ बघा.

आधी 'अपार्टमेंट ७ए'. 'रोझमेरीज बेबी'मध्ये टेरी नावाची मुलगी अगदी थोडा वेळ येते. इमारतीच्या तळघरात कपडे धुण्याच्या खोलीत ती रोझमेरीला भेटते. शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याने आपल्याला रस्त्यावरून उचलून घरात आसरा दिला म्हणून ती कृतज्ञ आहे, आणि गळ्यातलं वासाचं लॉकेट दाखवते. नंतर ती दिसते ती थेट इमारतीखाली, फुटपाथवर, मेलेली. प्रीक्वेल या टेरीचा आहे. नताली एरिका जेम्स कसलेली दिग्दर्शक आहे, ज्युलिया गार्नरने जीव ओतून काम केलंय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर चांगलं आहे: गोष्ट अशा मुलीची, जिला मूळ चित्रपटाने दोन प्रसंगांत गुंडाळलं. अडतं ते दुसऱ्या प्रश्नापाशी. टेरीची वाट म्हणजे रोझमेरीचीच वाट: तेच गोड बोलणारे शेजारी, तेच लॉकेट, तोच हळूहळू बळावणारा संशय, आणि ही वाट कुठल्या फुटपाथवर संपणार हे आपल्याला पहिल्या मिनिटापासून ठाऊक. भीती वाटायला जागाच उरत नाही.

'द ओमेन'ची गोष्ट वेगळी. १९७६च्या चित्रपटात डेमियन या सैतानाच्या पोराचा बाप झालेला ग्रेगरी पेक आणि त्याच्याबरोबरचा छायाचित्रकार एका जुन्या दफनभूमीत डेमियनच्या आईची कबर उकरतात, तर आत कोल्हीचा सांगाडा निघतो. तो चित्रपट सबंध बापाच्या नजरेतून चालतो. कोल्ही म्हटलं की विषय संपला, त्या बाळाला जन्म देणारं कुणी होतं का, असा प्रश्नच तिथे पडत नाही. इतकी वर्षं तो मलाही पडला नव्हता, आणि हे कबूल करताना मला वाईट वाटतं. अर्काशा स्टीव्हन्सनचा हा पहिलाच चित्रपट. ती १९७१च्या रोममध्ये जाते, मार्गारेट नावाच्या, अजून नन म्हणून पूर्ण दीक्षा न घेतलेल्या अमेरिकी मुलीला एका अनाथालयात आणून ठेवते, आणि सगळी भीती त्या मुलीच्या बाजूने उभी करते. बाळ जन्मणार हे आपल्याला माहीत आहे. पण कुणाच्या पोटी, कुणाच्या संमतीने, आणि तिचं पुढे काय, यातलं काहीच माहीत नाही. दोन तास घशाला कोरड पडते. शेवटाकडे पुढच्या भागासाठी दार किलकिलं ठेवलंय, ते मला खटकलं. पण तेवढंच.

आता या वहीतली सगळ्यात महत्त्वाची पायरी, जी बहुतेक जण करत नाहीत. प्रीक्वेल बघून झाल्यावर दोन-तीन दिवस जाऊ द्या, आणि मग मूळ चित्रपटातला एकच प्रसंग पुन्हा बघा, ज्याच्याशी प्रीक्वेलने धागा जोडलाय तो. सबंध चित्रपट बघायची गरज नाही. तो प्रसंग आधीपेक्षा लहान झाला, मोठा झाला, की तसाच राहिला, हे प्रामाणिकपणे लिहा. मी कपडे धुण्याच्या खोलीतला प्रसंग लावला. टेरी जास्त ओळखीची वाटली, जरा माया वाटली, बाकी सगळं होतं तसंच होतं. नंतर कबरीचा प्रसंग लावला. पूर्वी त्या सांगाड्याने मी दचकायचे. या वेळी माझे डोळे भरून आले. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीचं दृश्य एका नव्या चित्रपटाने बदलून टाकलं होतं. माझ्या लेखी 'द फर्स्ट ओमेन' हवाच होता, याला एवढा पुरावा पुरे.

याच परीक्षेत मला सगळ्यात जास्त दुःख 'एलियन'ने दिलं. १९७९च्या चित्रपटात तिघं अंतराळवीर एका अनोळखी यानात शिरतात आणि एका प्रचंड खुर्चीत बसलेला, दगड होऊन गेलेला कुणीतरी त्यांना दिसतो. छातीची हाडं आतून बाहेर वाकलेली. रिडली स्कॉटने तो आणखी अवाढव्य वाटावा म्हणून लहान मुलांना छोटे अंतराळपोशाख घालून त्या दृश्यात उभं केलं होतं, त्यात त्याची स्वतःची मुलंही होती. कोण होता तो? कुठून आला? माझ्या डाव्या बाजूच्या यादीत हा प्रश्न कायम सगळ्यात वर होता. २०१२ साली 'प्रोमिथियस'मध्ये स्वतः स्कॉटनेच उत्तर दिलं: दगडी हाडं वाटत होती तो पोशाख होता, आणि आत होता एक पांढराफटक, माणसासारखा दिसणारा जीव. मी तो प्रसंग परत बघितला तेव्हा खुर्चीतला तो अजस्र प्राणी मला दिसेना, पोशाखच दिसत राहिला. पुढे कितीतरी दिवस मी 'एलियन' लावला नाही.

मग मी स्वतःला एक मुभा दिली, ती तुम्हीही घ्या. प्रीक्वेल बघितला म्हणून तो मानलाच पाहिजे असं बंधन नाही. त्याला वहीत वेगळं पान द्या आणि मूळ चित्रपटाच्या पानावर त्याची उत्तरं लिहू नका. हा हट्ट वाटेल, पण बनवणारेही तेच करतात. 'हॅलोवीन'चं बघा. १९७८च्या पहिल्या चित्रपटात मायकल मायर्स हा मुखवटा घातलेला खुनी लॉरी नावाच्या मुलीच्या मागे का लागतो, याला कारणच नाही. श्रेयनामावलीत त्या मुखवट्याच्या माणसाला 'द शेप', म्हणजे आकार, एवढंच म्हटलंय. १९८१च्या दुसऱ्या भागाने सांगून टाकलं की लॉरी त्याची बहीण आहे. १९९८च्या भागाने चौथा, पाचवा आणि सहावा भाग बाजूला सारले. २००७ साली रॉब झॉम्बीने मायकलला दुःखी बालपण दिलं. आणि २०१८च्या चित्रपटाने पहिला सोडून सगळंच पुसलं. त्यात लॉरीची नातच सांगते की भाऊ-बहीण वगैरे लोकांनी रचलेलं आहे. चाळीस वर्षांनी त्या मालिकेने पोकळी पुन्हा उकरून मोकळी केली. मला तो संवाद ऐकून टाळी वाजवावीशी वाटली होती.

'हॅलोवीन'चा क्रम बऱ्याच जणांना छळतो, म्हणून सरळ सांगते. पहिला बघा आणि थेट २०१८चा लावा. लॉरी झालेली जेमी ली कर्टिस दोन्हींत आहे, आणि मधली चाळीस वर्षं तिच्या चेहऱ्यावर दिसतात. नात्याची गोष्ट आवडत असेल तर १९७८, १९८१, १९९८ ही वेगळी वाट. १९८२चा तिसरा भाग मायकलशिवायची पूर्ण निराळी गोष्ट आहे, तो केव्हाही बघता येतो. बाकीचे हौसेने.

नवी मालिका जाहीर झाली की बातमीतूनही थोडा अंदाज येतो. पहिला भाग यायच्या आधीच तीन भाग जाहीर झाले असतील तर मी थांबते, लोक काय म्हणतात ते बघते. 'द एक्झॉर्सिस्ट'च्या नव्या तीन चित्रपटांच्या हक्कांसाठी २०२१ साली सुमारे ४० कोटी डॉलर मोजल्याच्या बातम्या होत्या. २०२३ साली 'बिलीव्हर' आला, आणि ठरलेला दुसरा भाग निघालाच नाही. युनिव्हर्सलने २०१७ साली 'द ममी'पासून जुन्या राक्षसांचं सामाईक विश्व उभं करायचं ठरवलं, तेही तिथेच थांबलं. त्यानंतर त्याच जुन्या खजिन्यातला 'द इन्व्हिजिबल मॅन' २०२० साली सुमारे ७० लाख डॉलरमध्ये नव्याने बनला, आणि अदृश्य माणसाऐवजी त्याच्या तावडीतून पळालेल्या बाईची गोष्ट सांगून गाजला. उजवी बाजू, पुन्हा एकदा. 'बेट्स मोटेल' ही पाच सीझनची मालिकाही याच कारणासाठी बघाच. १९६०च्या 'सायको'त जिचं फक्त प्रेत आणि आवाज आहे, ती आई इथे हाडामांसाची बाई होते.

आता भाचीच्या मूळ प्रश्नाकडे, म्हणजे आफ्रिकेतल्या त्या हकिगतीकडे. त्या एका ओळीवरून दोन प्रीक्वेल बनलेत, ही चित्रपटांच्या इतिहासातली विलक्षण घटना आहे. पॉल श्रेडरने एक चित्रपट पुरा केला. निर्मात्यांना तो पुरेसा भीतिदायक वाटला नाही. त्यांनी रेनी हार्लिनला बोलावून जवळजवळ सगळा चित्रपट पुन्हा बनवून घेतला. मेरिनच्या भूमिकेत तोच स्टेलान स्कार्सगार्ड. हार्लिनचा 'द बिगिनिंग' २००४ साली लागला, आणि तो फसल्यावर श्रेडरचा 'डॉमिनियन' २००५ साली बाहेर आला. दोन्हींत मेरिनची जखम एकच: दुसऱ्या महायुद्धात हॉलंडमधल्या एका गावात नाझी अधिकारी त्याला मारायची माणसं निवडायला लावतो. श्रेडर हा प्रसंग सुरुवातीलाच समोर ठेवतो. हार्लिन त्याचे तुकडे करून आठवणींतून पुरवत राहतो, जणू ते गुपित आहे. दोन्हींची पहिली वीस मिनिटं लागोपाठ बघा. प्रीक्वेल कसा लिहावा याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. 'डॉमिनियन'मधली काही संगणकीय दृश्यं कच्ची आहेत, तो पुरा करायला पैसाच फार थोडा मिळाला होता. पण त्यातला मेरिन श्रद्धा हरवून बसलेला माणूस आहे, आणि ती त्याला परत मिळेल का, याची मला शेवटपर्यंत काळजी वाटली.

भाचीने अखेर १९७३चाच लावला. दुसऱ्या दिवशी वहीच्या पानाचा फोटो पाठवला. आफ्रिकेबद्दल तिने काहीच लिहिलं नव्हतं. एकच प्रश्न होता, सैतानाने झपाटलेल्या रीगन या मुलीबद्दल: "रीगनला काही आठवत नाही म्हणतात. मग शेवटी पाद्र्याची कॉलर बघून ती त्याच्या गालाचा पापा का घेते?" हा प्रश्न मी डावीकडे टाकला असता, तिने उजवीकडे टाकलाय. १९७७ साली आलेला दुसरा भाग रीगनच्या याच आठवणींच्या मागे लागला होता, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. आमचा वाद चालू आहे. शनिवारी आम्ही दोघी मिळून 'डॉमिनियन' बघणार आहोत.